एक डोळा मिटून

केसपेपरवर एवढंच लिहिलं होतं: मुलगी, वय ८, अचानक तिरळेपणा, एकाचे दोन दिसतात.

मी लहान मुलांचे डोळे तपासते. तिरळी मुलं रोजच येतात, पण बहुतेकांचा तिरळेपणा अगदी लहानपणापासूनचा असतो. त्यांना दोन दिसत नाहीत, कारण एका डोळ्याचं चित्र बाजूला सारायला त्यांचा मेंदू केव्हाच शिकलेला असतो. आठव्या वर्षी अचानक डोळा आत वळला आणि दोन दिसायला लागलं, की आधी मेंदूतल्या गाठीची शंका येते. मेंदूतला दाब वाढला की डोळा बाहेर वळवणारी सहावी नस दबते आणि डोळा नाकाकडे ओढला जातो. म्हणून रांगेतल्या बाकीच्यांची माफी मागून मी तिला आधी आत घेतलं.

आई, बाबा आणि आजी, तिघंही आले होते. डोकं दुखतं का? सकाळी उठल्यावर उलटी होते? चालताना तोल जातो? सगळ्यालाच नाही. कधीपासून आहे, विचारलं तर बाबा म्हणाले, "परवा शाळेतून बाईंनी कळवलं, तेव्हापासून." आई जरा थांबून म्हणाली, "मला फोटोत आधी एकदा वाटलं होतं. पण फोटोत दिसतं कधीकधी तसं, म्हणून सोडून दिलं."

खेळणं दोन्ही बाजूंना नेऊन पाहिलं. दोन्ही डोळे बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण जात होते, म्हणजे नस काम करत होती. मला थोडं हायसं वाटलं. एक डोळा झाकला की दुसरा बाहेर सरकून सरळ व्हायचा. तिरळेपणा किती आहे ते प्रिझमच्या काचा डोळ्यासमोर धरून मोजलं, तर तीसच्या आसपास आलं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि अर्धा तास बाहेर बसायला सांगितलं.

दार उघडंच होतं. पुढचा पेशंट येईपर्यंत सहज बाहेर नजर गेली. तिने दप्तरातून फोन काढला आणि चेहऱ्यापासून वीतभरसुद्धा अंतर न ठेवता समोर धरला. मग डावा डोळा मिटला. उजेड सहन होत नाही म्हणून मूल डोळे बारीक करतं, तसं ते नव्हतं. सवयीच्या माणसाने चष्मा चढवावा, इतक्या सहज तिने तो डोळा मिटला होता.

तिला एकटीलाच आत बोलावलं. नर्स सोबत होतीच.

"डोळा का मिटतेस गं?"

"एक मिटला की एकच दिसतं."

"हे कधीपासून करतेस?"

"सुट्टी लागायच्या आधीपासून."

म्हणजे किमान दोन महिने झाले होते.

"आईला का नाही सांगितलंस?"

ती फोनकडे बघत म्हणाली, "मग फोन काढून घेतला असता."

इतकी वर्षं मुलांशी बोलते आहे, पण या उत्तरावर मला पटकन काही सुचलं नाही. आठ वर्षांच्या मुलीला जग दुहेरी दिसत होतं. तिने त्यावर स्वतःच उपाय शोधला होता आणि दोन महिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

फोन तिचा स्वतःचा होता. आईबाबा उशिरा येतात, शाळेतून घरी पोचल्यावर तिने कळवावं, म्हणून घेतलेला. या कारणात मला खोट काढता येत नाही. पण कळवायला दिलेल्या फोनमध्ये बाकीचं सगळं जगही होतं. रोज किती वेळ बघते, याचा बाबांचा अंदाज तासाभराचा होता. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नोंद उघडली, तर सरासरी पाच तासांच्या वर, आणि त्यातला बराचसा वेळ रात्री दहानंतरचा. बाबा तो आकडा कितीतरी वेळ बघत राहिले. आजी हळूच म्हणाल्या, "ती गप्प असायची. मला वाटायचं, शहाणी आहे पोर."

डोळ्याच्या आतली नस अगदी स्वच्छ होती, सूज नव्हती. चष्म्याचा नंबरही एवढ्या तिरळेपणाला पुरेल इतका नव्हता. तरी एमआरआय करायला लावला. फोनवर ठपका ठेवून मोकळं होणं सोपं असतं, आणि त्यात एखादी गाठ नजरेतून सुटू शकते. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. मेंदूत काहीही नव्हतं.

जवळचं पाहताना डोळे दोन कामं एकदम करतात: फोकस साधतात आणि आत वळतात. पुस्तक ३३ सेंटिमीटरवर धरलं तर फोकसला ३ डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर मोजतात तेच माप) जोर लागतो, फोन साडेबारा सेंटिमीटरवर धरला तर ८ डायॉप्टरचा. तासन्‌तास असं चाललं की काही मुलांचे डोळे आत वळतात ते सैल पडतच नाहीत. दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये ७ ते १६ वयाची अशी १२ मुलं नोंदवली होती, रोज चार तासांहून जास्त फोन बघणारी. फोन थांबवल्यावर सगळ्यांचा तिरळेपणा कमी झाला, तरी काहींना शस्त्रक्रिया लागलीच. बारा मुलं म्हणजे फार थोडी, हे मी या आईबाबांनाही सांगितलं. इतका फोन बघूनही डोळे सरळ राहिलेली मुलं पुष्कळ आहेत.

पालक मला नेहमी तासच विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मर्यादा सांगितली आहे: दोन ते चार वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास, एक वर्षाच्या आतल्या बाळांना अजिबात नाही. ते मी सांगतेच. पण त्या दिवसापासून मी आणखी दोन प्रश्न विचारते. फोन कुणाचा आहे? आणि रात्री तो कुठे असतो? ही मुलगी बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर एक डोळा मिटून बसली असती, तर आजींनी पहिल्याच दिवशी टोकलं असतं. स्वतःचा फोन पांघरुणात जातो आणि तिथे मूल एकटं असतं. इतक्या लहान मुलाच्या हातात स्वतःचा स्मार्टफोन नसावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त कळवायचंच असेल तर साधा बटणांचा फोन पुरतो. तिच्या घरी तसाच घेतला.

जाताना मी आईबाबांकडून तिच्यासमोरच कबूल करून घेतलं, की डोळ्यांबद्दल काहीही सांगितलं तरी तिला कुणी रागावणार नाही.

सहा आठवड्यांनी मोजलं तेव्हा तीसचे चौदा झाले होते. शस्त्रक्रियेचं अजून ठरलेलं नाही, आणखी काही महिने वाट बघायची आहे. त्या वेळी तिने दप्तरातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. पानावर वारांची नावं होती आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीच्या रेघा, दोन दिसलं की एक रेघ. सोमवारी चार, मंगळवारी तीन. गुरुवारपुढे एकही रेघ नव्हती. "गुरुवारी लिहायला विसरले नाहीये," ती म्हणाली, "खरंच नाही दिसलं." मी ते पान तसंच्या तसं तिच्या केसपेपरवर उतरवून घेतलं.