टेबलावरचं बाळंतपण

मिरगाच्या तोंडावर आमच्या दवाखान्यात वर्दळ नसते. धूळवाफेच्या पेरण्या चाललेल्या असतात, बैल औताला असतात, आणि अगदी अडल्याशिवाय कोणी जनावर घेऊन येत नाही. अशा दिवसांत खानापूर तालुक्याच्या जंगलकाठच्या एका गावातून वनरक्षक आला. मागे शेताचे मालक, सत्तरीचे आज्जा, आणि त्यांच्या मांडीवर झाकणाच्या टबात युरियाचं पोतं.

"हेब्बावु मरी, सर," वनरक्षक म्हणाला. आज्जांचंही तेच. "अजगराचं पिल्लूच की ओ, डॉक्टर. बांध सपाट करताना जेसीबीचा दात लागला. पोरं मारूलालती, मीच मारू दिलं नाही."

पोत्यात काय आहे ते स्वतः पाहिल्याशिवाय मी कोणाच्या शब्दावर हात घालत नाही. जाड, आखूड, डागाडागांचा साप म्हटला की आमच्याकडे तीन शक्यता असतात: अजगराचं पिल्लू, डुरक्या घोणस आणि खरी घोणस. पहिल्या दोघांना विष नाही, तिसरी माणूस मारते. अजगराचं पिल्लू समजून घोणस उचलायला जाणं हा खेड्यातला जुना घातकी प्रकार आहे, म्हणून पोतं आकड्यानेच उलटं केलं. घोणस असती तर प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला असता, मान बारीक आणि डोकं मोठं, तिकोनी दिसलं असतं, पाठीवर रेखीव गोल डागांच्या तीन रांगा असत्या. इथे मानच नव्हती. डोकं आणि धड एकाच जाडीचं, डाग वेडेवाकडे, एकात एक मिसळलेले. पाठीचा मागचा भाग खरखरीत आणि शेपूट म्हणजे नुसतं आखूड, टोकदार बुडखं. मी म्हटलं, अजगरही नाही, डुरक्या घोणस आहे.

वनरक्षकाला ते पटेना. त्याचं खरं होतं, त्याला पंचनाम्यात नाव लिहायचं होतं आणि अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मग त्याला जवळ बोलावून भिंग दिलं. अजगराच्या वरच्या ओठाकडे पाहिलं की खवल्यांतच खोल खळगे दिसतात. उंदराच्या अंगाची ऊब अजगराला त्यांतून कळते. बोआ म्हणजे अजगरासारखेच भक्ष्य आवळून मारणारे, पण वेगळ्या कुळातले साप. अमेरिकेतल्या काही बोआंनाही असे खळगे असतात, पण ते दोन खवल्यांच्या मधल्या फटीत. आपल्याकडच्या मातीत राहणाऱ्या बोआंना, म्हणजे डुरक्याला आणि मांडुळाला, ते नसतातच. शेपटीखाली अजगराचे खवले बहुतेक जोडीजोडीने असतात, हिचे एकेरी होते. अजगराच्या वरच्या जबड्याच्या पार पुढच्या हाडावरही दात असतात आणि बोआच्या नसतात, असंही पुस्तकात आहे, पण जिवंत सापाचं तोंड फाकवून ते बघत बसण्याची हौस मला नाही.

जखम शेपटीच्या थोडी वर, बाजूला होती. कातडी फाटलेली, स्नायू बराचसा शाबूत. भूल जागेपुरतीच दिली. सापाच्या कातडीची कड शिवताना आत वळते आणि आत वळली की सांधत नाही, म्हणून टाके कडा बाहेर उलटवून घालावे लागतात. पोट फुगलेलं होतं. आज्जा म्हणाले, उंदीर खाल्लाय. बोटांनी चाचपलं तर मागच्या भागात एकापाठोपाठ मऊ गोळे लागत होते. उंदीर एवढ्या शिस्तीत ओळ धरून बसत नाहीत.

शेवटचा टाका घालून होतोय तोवर तिने शेपूट उचललं आणि पिवळसर, मेणासारखा एक गोळा टेबलावर आला. वनरक्षक जवळजवळ ओरडलाच, "बघा सर, अंडं! अजगरच!" क्षणभर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पण गोळ्याला कवच नव्हतं. अजगराचं अंडं पांढरं, चामड्यासारख्या कवचाचं असतं आणि सगळी अंडी एकमेकांना चिकटून ढीग होतो. हे न फळलेलं बीज होतं, पिल्लं घालणाऱ्या सापांतही असं एखादं पडतं. त्यानंतर जे आलं ते पातळ, पारदर्शक पडद्यात गुंडाळलेलं, आणि आत काहीतरी हलत होतं. पडदा फुटला, जीभ बाहेर आली. वीतभरही नसलेलं पिल्लू, आईचेच डाग घेऊन. पाच मिनिटं झाली नसतील, ते टॉवेलखाली घुसून दिसेनासं झालं. वनरक्षक धावत जाऊन अंगणातली माती घेऊन आला. अंधार पडेपर्यंत सात जिवंत पिल्लं झाली, एक मेलेलं.

पिल्लं घातली म्हणून अजगर नाही, हे वनरक्षकालाही आता पटलं. घोणस नाही, हे मात्र त्यावरून कधीच ठरवू नये. घोणसही जिवंत पिल्लंच घालते.

आज्जांना वेगळाच प्रश्न पडला होता. अजगर असता तर काय केलं असतं? मी सांगितलं, तेव्हा तुमचा बांध महत्त्वाचा ठरला असता. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून दोनेक महिने बसते आणि स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. पूर्वी एकदा असंच बसलेलं जनावर पाहून लोकांनी मला बोलावलं होतं, त्याला हिवताप झालाय म्हणून. तिथे माझं काम एवढंच होतं की कोणी काही करू नये. हलवायचीच वेळ आली तर अंड्याची वरची बाजू पेन्सिलीने खूण करून तशीच वर ठेवावी लागते, उलटलं तर आतला जीव जातो. डुरक्याच्या पिल्लांना आईचीही गरज नाही, जन्मल्या दिवसापासून ती मोकळी.

"मग बोआ म्हटला की पिल्लंच?" वनरक्षकाने विचारलं. मला हा प्रश्न आवडला. नाही, अपवाद आहेत. अरबस्तानातला एक वाळूतला बोआ अंडी घालतो. त्याचं शास्त्रीय नाव एरिक्स जयकरी, मस्कतमध्ये वर्षानुवर्षं डॉक्टर असलेल्या आत्माराम सदाशिव जयकरांवरून 1888 मध्ये ठेवलेलं. सगळ्या बोआंत नियम मोडणाऱ्यालाच नेमकं आपल्या माणसाचं नाव मिळावं!

दुसऱ्या दिवशी पिल्लं आज्जांच्याच शेतालगत, नाल्याकाठच्या भुसभुशीत मातीत सोडली. "उंदीर खातील न ओ?" एवढीच त्यांची चौकशी. मोठी झाल्यावर, मी म्हटलं. सापाचे टाके कुत्र्यासारखे दहा दिवसांत काढता येत नाहीत, म्हणून मादी माझ्याकडेच राहिली.

आठवड्याने रेंज ऑफिसातून फोन आला. नोंदवहीत जमा साप एक, सोडलेले सात, आणि दवाखान्यात शिल्लक अजून एक, हा हिशेब कसा लावायचा? वनरक्षकाने मेलेलं पिल्लू धरलंच नव्हतं. मी ते धरून नवा दाखला लिहून पाठवला.