यहूदाच्या पत्रातलं पाचवं वचन

शनिवार, रात्री उशिरा

आजचा अख्खा दिवस एका वचनाने खाल्ला. यहूदाचं पत्र म्हणजे बायबलच्या नव्या करारातली अवघी २५ वचनं, शेवटच्या प्रकटीकरण या पुस्तकाकडे जाताना सहज उलटलं जाणारं पान. पाचव्या वचनात प्रश्न असा: लोकांना मिसर देशातून सोडवलं कोणी? बायबलच्या जुन्या ग्रीक प्रतींपैकी सिनाई हस्तलिखित म्हणतं प्रभूने. व्हॅटिकन आणि अलेक्झांड्रिया हस्तलिखितं म्हणतात येशूने. नेस्ले-आलांड, म्हणजे अभ्यासक वापरतात तो ग्रीक नव्या कराराचा छापील पाठ, त्याच्या २७व्या आवृत्तीत ‘प्रभू’ होतं, २०१२च्या २८व्या आवृत्तीत ते जाऊन ‘येशू’ आलं.

जुने लेखनिक ही पवित्र नावं आखडून लिहायचे, दोन अक्षरं आणि वर आडवी रेघ. म्हणजे दोन्ही नावांत फरक उरतो एका अक्षराचा. नजरचूक म्हणून मोकळं होता येईल, पण मग बोडमर संग्रहातल्या पी ७२ या पपायरसवर (वनस्पतीपासून केलेल्या जुन्या कागदावर) लिहिलेल्या प्रतीचं काय? तिथे चक्क ‘देव ख्रिस्त’ आहे. हे डोळ्यांचं काम नाही, लिहिणाऱ्याने विचार केलाय. माझा प्रबंध झालाच तर याच विचाराच्या मागावर होईल.

साधनांची रड मला नाही. सिनाई हस्तलिखिताची पानं लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाईचा मठ अशी चौघांत वाटली गेली आहेत, तरी २००९पासून ती पडद्यावर एकत्र दिसतात. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या, नव्या कराराचा मजकूर अभ्यासणाऱ्या संस्थेने इतरही कितीतरी हस्तलिखितांची छायाचित्रं खुली केली आहेत. ग्रीक रोज थोडं पुढे सरकतं. जर्मन मात्र छळते. क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत ताटकळायचं.

अडतं ते माणसांपाशी. ‘स्वतंत्र संशोधक’ ऐकायला भारदस्त वाटतं, पण पदवी विद्यापीठच देतं. नोंदणी हवी, मार्गदर्शक हवा. काही विद्यापीठं प्रकाशित लेखांच्या आधारे पीएचडी देतात, पण त्यासाठी आधी लेख छापून यायला हवेत. बऱ्याच संशोधन-नियतकालिकांत परीक्षकाला लेखकाचं नाव कळत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. खरी उणीव वेगळीच आहे. माझं म्हणणं खोडून काढायला समोर कोणी नाही. एकट्याने वाचताना प्रत्येक तर्क पटतो, आणि संध्याकाळपर्यंत तो सिद्धान्त होऊन बसतो!

चर्चमधली मंडळी विचारतात, देवाच्या वचनात तपासायचं काय? माझी श्रद्धा यात डगमगत नाही. ज्या वचनावर विसंबायचं ते हाताने नकलून आपल्यापर्यंत कसं पोचलं, हे पाहणं मला त्याचा मान राखण्यासारखंच वाटतं. त्यांना ते पटत नाही, आणि मीही फार ताणत नाही.

एका प्राध्यापकांना पाठवायचा आराखडा तयार आहे. त्यात पी ७२ तळटीपेत ढकललाय. उद्या तो वर आणायचा, आणि माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा पहिल्याच परिच्छेदात मांडायचा. त्यांनी तिथेच धरलं तर बरंच.