सदतीस की त्र्याहत्तर?

बारक्याने पाटीवर 73 लिहिलं. मी सांगितलं होतं सदतीस.

जुलैचा पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की पहिलीच्या पोरांच्या डोक्यावरून दुसरीच्या पोरांशी ओरडूनच बोलावं लागत होतं. वाटलं, ऐकू गेलं नसेल. जवळ जाऊन पुन्हा म्हटलं, "सदतीस." त्याने पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मलाच समजावून सांगितलं. "सद," सातावर बोट. "तीस," तिनावर बोट. त्याच्या हिशेबाने ऐकलेलं आणि लिहिलेलं तंतोतंत जुळत होतं.

अकरा वर्षं मी हीच चूक लाल पेनाने गोल करत आले होते. 'अंक उलटे लिहितो' असा शेरा मारायचा आणि दहा वेळा लिहायला लावायचं. त्या दिवशी लक्षात आलं की पोरगं उलटं लिहीत नाहीये, कानाला येईल तसं लिहितंय. आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. उलटे असलोच तर आपण आहोत.

2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा राज्यभर केवढी थट्टा झाली होती! विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या, की जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या शब्दांनी मुलं बिचकतात. पुस्तकात जुनं वाचनही होतंच. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या बैठकीत थट्टा करणाऱ्यांत मीही होते. सात वर्षांच्या पोराने बोट ठेवून दाखवेपर्यंत माझ्या डोक्यात तो मुद्दा शिरला नव्हता.

आमची शाळा जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली, दोनशिक्षकी. पट 23. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. गणिताची पेटी शाळेत होती. मण्यांची माळ, ठोकळे, फासे, सगळं. पण कपाटात. पेटीतली प्रत्येक वस्तू डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या साठ्याच्या नोंदवहीत, चढलेली आणि एक फासा हरवला तर उत्तर कोण देणार, हा आमचा जुना धाक. वर्षातून एकदा पेटी उघडायची, धूळ झटकायची, फोटो काढायचा, परत कुलूप. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच चाललं होतं.

म्हणून पेटीला हात न लावता मी चिंचोक्यांवर आले. चिंचोके आमच्याकडे घरोघरी पडलेले असतात. थोडे भाजायचे आणि दगडाने हलकेच ठोकायचे, की दोन डाळिंब्या होतात. एक बाजू काळपट तपकिरी, एक पांढरी. जुन्या बाया सारीपाट खेळताना हेच फासे म्हणून टाकायच्या. मी प्रत्येक जोडीला दहा डाळिंब्या दिल्या. ओंजळीत खुळखुळवायच्या, फरशीवर टाकायच्या, पांढऱ्या किती आणि काळ्या किती ते लिहायचं. 6 आणि 4. 3 आणि 7. 5 आणि 5.

पहिले दोन दिवस पोरं दोन्ही रंग मोजत होती. तिसऱ्या दिवशी पहिलीतल्या एका मुलीने पांढऱ्या सहा मोजल्या आणि काळ्यांकडे न बघताच चार लिहिलं. शेजारचा भांडायला उठला, "मोजलं नाय तिनं!" मी मध्ये पडणार होते, तेवढ्यात त्याने स्वतःच मोजून बघितलं आणि गप्प बसला. दुसऱ्या डावापासून तोही मोजेना. एरवी हीच दहाची जोडी मी फळ्यावर महिनाभर घोकून घेते.

दहाच्या दहा पांढऱ्या कधी पडतात, ही पैज आठवडाभर चालली. पडल्या नाहीत. नाणी असती तर 1024 वेळांत सरासरी एकदाच पडल्या असत्या. डाळिंबीची एक बाजू फुगीर, तिचा हिशेब आणखी वेगळा. हे मी कुणाला सांगितलं नाही. आशेवर पोरं मोजत होती, मोजू दे.

त्याच आठवड्यात पहिलीतल्या एकाने आख्खा चिंचोका कानात घातला. का, तर आवाज येतो का बघायला. सरांच्या मोटारसायकलवर त्याला मध्ये बसवून भर पावसात आरोग्य केंद्र गाठलं. डॉक्टरांनी चिमट्याने काढला, माझ्याकडे एकदा बघितलं, बोलले काही नाहीत. कुणी हे वाचून चिंचोके आणणार असेल तर आधीच सांगते: पहिलीला बाटल्यांची बुचं द्या. कानात जात नाहीत.

चिंचोके दहापर्यंत ठीक. सदतीसला त्यांचा उपयोग होईना, नुसता ढीग व्हायचा. शेवटी सरांना म्हटलं, हरवलं तर माझ्या पगारातून भरेन, पण पेटीतली माळ काढते. शंभर मण्यांची माळ, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. ती दोन खिळ्यांना ताणून पोरांच्या छातीच्या उंचीवर बांधली आणि घरून कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. चिमटा लावायचा तो मोजलेल्या मण्याच्या पुढच्या फटीत. हा नियम पहिल्याच दिवशी पक्का करावा लागतो, नाहीतर मण्यावर चिमटा लावून 'हा धरायचा का नाही' यावर अर्धा तास जातो. आमचा गेला.

खेळ असा: मी एक संख्या चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायची, पोरांनी ओळखायची, मी फक्त 'अलीकडे' किंवा 'पलीकडे' म्हणायचं. सुरुवातीला अंदाधुंद कारभार. "बारा?" "पलीकडे." "नव्वद?" "अलीकडे." "अकरा?" आता बारा पलीकडे म्हटल्यावर अकरा कशाला? पण मी ओठ आवळून धरले. चौदा-पंधरा प्रश्न लागायचे. हळूहळू ती माळेकडे बघायला लागली. कुणीतरी 'अलीकडे'ला एक चिमटा आणि 'पलीकडे'ला दुसरा असे लावून ठेवले, म्हणजे संख्या त्या दोन चिमट्यांच्या मध्ये कोंडली गेली. मग एके दिवशी दुसरीतली एक जण पहिलाच प्रश्न करते, "पन्नास?" पलीकडे. "पंच्याहत्तर?" मी चाट पडले. प्रत्येक वेळी निम्मी माळ तोडत गेलं तर शंभरातली कुठलीही संख्या सात प्रश्नांत सापडतेच. पोरांना हे मी शिकवलेलं नव्हतं.

बारक्या मात्र मागेच राहायचा. एकदा चिठ्ठीत सदतीस होतं, मी ते मोठ्याने वाचलं. त्याने चिमटा लावला त्र्याहत्तरला, दुसऱ्या मुलीने लावला सदतीसला, आणि दोघं हट्टाला पेटली. मी दोन्ही चिमटे तसेच ठेवायला लावले आणि विचारलं, "तुमच्या दोघांत अंतर किती?" वेळ काढायला विचारलं होतं, खरं सांगायचं तर. बारक्यानेच मोजलं, आणि एकेक मणी नाही मोजला. सदतीसपुढचे तीन पांढरे मणी, मग तीन पट्टे दहा-दहाचे, मग शेवटचे तीन. "तीन, तीस, तीन. छत्तीस."

मग दुसऱ्याने 25 आणि 52 घेतले. पाच, वीस, दोन. सत्तावीस. 12 आणि 21 मध्ये नऊ. 23 आणि 32 मध्ये नऊ. 34 आणि 43 मध्येही नऊच. 13 आणि 31 मध्ये अठरा. मी फळ्यावर नुसते आकडे लिहीत गेले. नऊचा पाढा आम्ही घेतलेलाच नव्हता, आणि तो फळ्यावर उतरत होता. एक मुलगी म्हणाली, "बाई, आकडे शेजारशेजारचे असले की नऊच येतात." शाळा सुटायची वेळ झाली होती, पोरं हलेनात.

त्या रात्री जेवणानंतर मी एकटीच कागद घेऊन बसले. देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणिती द. रा. कापरेकर अशीच अंकांची उलटापालट करत, म्हणजे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करत, 6174 पर्यंत पोचले होते. चार अंकी कुठल्याही संख्येपासून निघा, सगळे अंक सारखे नसले की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येता. दोन अंकांवर करून बघितलं. 73 उणे 37, 36. 63 उणे 36, 27. 72 उणे 27, 45. 54 उणे 45, 9. 90 उणे 09, 81. मग 63, आणि पुन्हा 27. एका जागी थांबत नाही, गोल फिरत राहतं. नवरा म्हणाला, पेपर तपासतेस का? मी हो म्हटलं.

ऑगस्टमध्ये बारक्याची आजी शाळेत आली. तक्रार घेऊनच. "वही कोरी का पोराची? नुसता खेळतोय म्हणं." बाहेर धो धो पाऊस, म्हणून ती कांबळं झटकून भिंतीला टेकून बसली. मी तिला समजावण्याच्या भानगडीत पडले नाही, खेळ चालू ठेवला. चिमटा सदतीसला होता. तिने लांबूनच माळ न्याहाळली आणि म्हणाली, "एक ईस आन सतरा."

पोरं वळून बघायला लागली. ती उठली, माळेपाशी आली, एक लाल पट्टा आणि एक पांढरा पट्टा पंजाने बाजूला केला, "ह्यो ईस," आणि पुढचे सतरा बोटाने सरकवले. हिरडा असो, अंडी असोत, ती विसाच मोजते. पोरांना गंमत वाटली. "आजे, त्र्याहत्तर?" क्षणभरही न थांबता, "तीन ईस आन तेरा." "शंभर?" "पाच ईसा. येवढं येत न्हाय व्हय तुमाला?"

बारक्या चिमट्याजवळच उभा होता. सदतीस, तीस सात, एक ईस आन सतरा. चिमटा तिन्ही वेळा जागचा हलला नाही. त्याने पाटी घेतली, तीन पट्ट्यांवर बोट ठेवत 3 लिहिला, सुटे मोजून 7. तेव्हापासून तो संख्या ऐकली की आधी माळेकडे बघतो, मग लिहितो. माळ नसली की अजून कधी कधी उलटं होतं. चाचणीला वीसपैकी चार उलटी होती. आधी वीसच्या वीस असायची.

वह्या कोऱ्या राहिल्याची आणखी दोन पालकांची कुरकुर झाली. त्यावर तोडगा म्हणजे रोज शेवटची दहा मिनिटं 'आज काय खेळलो' ते वहीत लिहायचं. आकडे दिसले की घरची माणसं शांत होतात.

एकोण-चं प्रकरण मात्र सहज सुटलं. एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी. माळेवर चिमटा चाळीसवरून एक मणी मागे ओढला की झालं. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणनव्वद, पोरं सुसाट.

मार्चमध्ये साठा तपासणी. माळ दिवाळीनंतर एकदा तुटली होती, मणी वर्गभर घरंगळले होते, सगळ्यांनी बाकांखाली शिरून गोळा केले. एक मणी उंदराने नेला की कुणाच्या खिशात गेला, कळलं नाही. सरांनी डेडस्टॉक उघडला आणि म्हणाले, "जे आहे ते लिहा बाई. आकडी आणि अक्षरी, दोन्ही." मी लिहिलं: मणी 99, अक्षरी नव्व्याण्णव.

बारक्या टेबलापाशी खडू न्यायला आला होता. त्याने वाकून वाचलं.

"बाई, चुकलं," तो म्हणाला. "एकोणशंभर."