एक बोट रोजकीर्दीत

दुपारी जेवणं झाली की बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीचा आवाज जरा खाली बसतो. तेव्हा शेजारच्या टेबलावरचा पोरगा काहीतरी पुटपुटत असतो. परवा कान देऊन ऐकलं. "शिनोळी, शिनोळी, शिनोळी…" म्हणत तो माउसनं एक्सेलचं शीट उजवीकडं ओढत होता.

"कसला जप लावलायस रे?"

"पार्टीचं नाव हो सर. टॅक्सच्या कॉलमला जाऊस्तोवर विसरून जातंय की."

विसरणारच. नाव पहिल्या कॉलममध्ये, जीएसटी नंबर त्याच्या पलीकडं, आणि टॅक्स पार तिकडं टोकाला. मधे वजन, दर, पॅटर्नचा नंबर, लॉरीचा नंबर. आणि आमच्या गावात ही दोन टोकं एकदम दिसल्याशिवाय भागत नाही. नंबर 29 नं सुरू झाला तर पार्टी कर्नाटकातली, सीजीएसटी आणि एसजीएसटी लावा. 27 असेल तर महाराष्ट्र, आयजीएसटी लावा. हुबळीपर्यंत शंभर किलोमीटर माल गेला तरी तो घरातलाच. हद्दीपलीकडच्या शिनोळी गावाला अर्ध्या-पाऊण तासात पोचला की परराज्यातला! जुलै 2017 पासून हे चाललंय, आणि बिल फाडताना अजूनही कुणीतरी हसतंच.

त्याला मी फ्रीझ पेन्स, म्हणजे ओळी-कॉलम जागेवर गोठवायची सोय, दाखवलं नाही. सगळं जग तेच वापरतं, मला ठाऊक आहे, पण माझा त्याच्यावर राग आहे. वरच्या ओळी नि डावीकडचे कॉलम तेवढे मानाचे पाहुणे, बाकीच्यांनी सरकत राहायचं. शिवाय शीट खाली सरकलेलं असताना, समजा विसावी ओळ पडद्याच्या माथ्यावर असताना कुणी ते दाबलं, की वरच्या एकोणीस ओळी गडप. कितीही वर सरका, येत नाहीत. मग ऑफिसभर "कुणी डिलीट केलं?" म्हणून चौकशी. अनफ्रीझ केलं की बिचाऱ्या होत्या तिथंच असतात.

पडदा दुभागणाऱ्या स्प्लिटचं तसं नाही. उभे असाल तिथं पट्टी पडते, दोन किंवा चार तुकडे होतात, आणि वर एप्रिल, खाली मार्च असं खुशाल बघता येतं. एकच ओळ दोन्ही तुकड्यांत आणून ठेवायची, वर आकडा लिहायचा आणि खाली तो बदलताना बघायचा, हा उद्योग मी काही कारण नसताना करतो. न्यू विंडो घेऊन तीच फाइल दोनदा शेजारी मांडता येते, ते आणखी ऐसपैस.

ही गरज काही आजची नाही. 1979 साली व्हिसिकॅल्क नावाचं स्प्रेडशीट आलं त्यात जेमतेम 63 कॉलम आणि 254 ओळी होत्या. ॲपल टू कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका ओळीत 40 अक्षरं मावायची. पण पडदा आडवा-उभा दुभागायची सोय त्यातही होती, दोन्ही भाग बरोबर सरकवायचे की वेगवेगळे, हेही ठरवता यायचं. आता एक्सेलमध्ये 10,48,576 ओळी आहेत. दिसतात किती? चाळीसेक.

आमच्या मामांच्या बटाट्याच्या अडत दुकानात दिवाणजी होते, त्यांना पडदाच नव्हता. कडोलीकडचा कुणी शेतकरी उचल मागायला आला की ते डाव्या मांडीवर रोजकीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, आणि उजव्या मांडीवर खतावणी, म्हणजे खातेवार हिशेबाची वही, घेत. रोजकीर्दीत 'खा. पा.' म्हणजे खाते पान असा एक चिंचोळा रकाना, त्यात खतावणीच्या पानाचा आकडा. डाव्या हाताची तर्जनी त्या नोंदीवर, उजव्या हाताचा अंगठा खतावणीच्या पानात, आणि गेल्या सालची बाकी पुढं ओढलेली असेल तर करंगळी त्या मागच्या पानात. हात असे गुंतले की तपकिरीची तलफ हमखास यायची. "बाळ, नाकाशी धर जरा." मी डबी धरायचो. मग अशी काही शिंक यायची की गादीवरचे सुटे कागद उडायचे, पण बोटं जागची हलत नसत. शेतकऱ्याला आकडे कळत नव्हते असं नाही, पण तो वहीत बघतच नसे. त्या बोटांकडं बघत उभा राहायचा, आणि दिवाणजी जी बाकी सांगतील ती घेऊन जायचा.

मला हल्ली चारही तुकडे सारखेच पुसट दिसतात, म्हणून बायफोकल केला. तोही स्प्लिटच म्हणायचा, वर लांबचं, खाली जवळचं. मॉनिटर नेमका दोन्हींच्या मधल्या अंतरावर. खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करून बसावं लागतं, त्यामुळं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, साहेब भलतेच मिजाशीत आहेत. चष्मेवाला म्हणतो, प्रोग्रेसिव्ह घ्या, मधे रेघच नसते. किंमत विचारून आलोय. मार्च जाऊ दे, मग बघू.