शार्लटला कुणी चावलं?

परवा दुपारी लाइट गेली. बाहेर कॉलेज रोड तापलेला, इन्व्हर्टरवर एकच पंखा, मोबाइल चार टक्क्यांवर, म्हणून भाची सुट्टीत आली तेव्हा इथेच टाकून गेलेलं पुस्तक उचललं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झोंबीज'. सेथ ग्रॅहम-स्मिथ नावाच्या माणसाने २००९ मधे जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या कादंबरीत झोंबी, म्हणजे माणसांना चावत फिरणारी चालती मढी, घुसवलेत आणि वर कव्हरवर बाईंचंही नाव लेखिका म्हणून छापलंय. बाई १८१७ लाच गेल्या, तक्रार कोण करणार!

अशी पुस्तकं दिसली की नाक मुरडायची माझी जुनी सवय. नाशकात राहून नाक जरा सांभाळूनच मुरडावं म्हणा.

आमची आजी पंचवटीतली. संध्याकाळी ओटीवर भिजवलेले वाल सोलायला बसली की गोष्ट सुरू, आणि तिची शूर्पणखा यायची ती थेट येवल्याची पैठणी नेसून, पदरावर मोर, नाकात ही एवढी ठसठशीत नथ (पुढे नाकाचंच काम असल्यामुळे नथीवर आजी बराच वेळ घालवायची). आजोबा पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "अगं, त्रेतायुगात येवला कुठून आला?" त्यावर वालाचं साल ताटलीत टाकत आजी, "मग काय वल्कलं गुंडाळून येईल? रावणाची बहीण ती!" आम्ही सगळी पोरं आजीच्या बाजूने. लक्ष्मणाने नाक कापलं की आमचा एकच प्रश्न, नथीचं काय झालं? गोदावरीत पडली, आजी म्हणायची, त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं रामकुंडावर गेलं की मी पायरीवर बसून पाण्यात पायाच्या अंगठ्याने ती नथ चाचपायचे आणि आई मागून ओरडायची.

आणि कुसुमाग्रजांनी लिअर राजाचं दुःख अप्पा बेलवलकरांच्या गळ्यात घातलं ते इथेच बसून, तेव्हा कुणाचं काय बिघडलं. असो.

तर झोंबी. नायिका एलिझाबेथ आणि तिच्या बेनेट बहिणी चीनला जाऊन शाओलिन कुंगफू शिकून आल्यात, नायक डार्सीच्या मावशीने, लेडी कॅथरिनने, पदरी निन्जा बाळगलेत, डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो तेव्हा एलिझाबेथ तोंडाने नाही म्हणून थांबत नाही, लाथ घालून त्याला फायरप्लेसच्या कठड्यावर आपटते. एका ठिकाणी झोंबी मेंदू समजून शेतातले फ्लॉवरचे गड्डे कुरतडत बसलेत, तिथे मी एकटीच मोठ्याने हसले. पण खरं सांगायचं तर निम्म्यात येईपर्यंत गंमत आटते, तीच ती मुंडकी उडतात आणि आपण पानं ढकलत राहतो.

फक्त शार्लट सोडून.

मूळ कादंबरीत एलिझाबेथची मैत्रीण शार्लट सत्तावीस वर्षांची, रूप नाही, पैसा नाही, म्हणून त्या बडबड्या पाद्री कॉलिन्सशी लग्न करते, राहायला बरं घर मिळालं तर पुरे म्हणते. इथे तिला आधीच झोंबी चावलाय, म्हणजे आता तीही झोंबी होणार. दिवस थोडेच उरलेत म्हणून ती लग्न करून टाकते, मग हळूहळू तिची जीभ जड होते, बोलणं अडखळायला लागतं, शेजारी बसलेल्या मैत्रिणीला ते दिसतं आणि नवऱ्याला पत्ताच नाही! तो आपला लेडी कॅथरिनच्या थोरवीत मग्न.

मी उठून मूळ पुस्तक काढलं. तिथे शार्लट स्वतःला बसायला मागची खोली निवडते. पुढची खोली मोठी, दिसायलाही चांगली, पण तिथे बसली तर कॉलिन्स सारखा येऊन बसेल म्हणून मागची. त्याला बागकामाला प्रोत्साहन देते, तब्येतीला चांगलं म्हणे. बाईंनी हे दोन-चार ओळीत उरकलंय. आता ती खोली वाचताना तिथे झोंबी नाही असं मला वाटेचना.

आमच्या नात्यात एक काकू होत्या. बारा महिने शिलाई मशीन मागच्या पडवीत, उजेड कमी तरी तिथेच. पुढच्या हॉलमधे काकांची बैठक. डोळे जातील गं, असं सगळे म्हणायचे. त्या म्हणायच्या, मला इथेच दिसतं.

भाचीचा मेसेज आलाय, पुस्तक कुरिअर कर म्हणून. करते, निन्जांची घाई नसेल तर पुढच्या आठवड्यात.