अर्ध्या चेंडूचा वाद

आज बेळगावात पावसाने दिवसभर उसंत घेतली नाही, म्हणून टिळकवाडीत स्नूकरच्या टेबलावर आम्ही दोघे मावसभाऊ खेळलो कमी आणि नेम कसा धरावा यावरच अधिक भांडलो. त्याचे म्हणणे असे की, लाल चेंडूच्या ज्या बिंदूवर आघात व्हायला हवा, तिथेच पांढऱ्याचा, म्हणजे काठीने मारायच्या चेंडूचा, मध्य रोखावा. मी लालला चिकटून, पॉकेटच्या बरोबर उलट बाजूस दुसरा चेंडू ठेवला आणि दाखवले की, पांढऱ्याचा मध्य पोहोचायला हवा तो इथे, म्हणजे लालच्या मध्यापासून ५२.५ मिलिमीटरवर. स्पर्शबिंदूवरच रोखला, तर चेंडू जाड, म्हणजे हवा त्यापेक्षा अधिक समोरून, लागतो आणि लाल पॉकेटच्या कडेवर आपटून परततो. (सकाळपासून त्याचे तेच चालले होते, कबूल मात्र नव्हते.)

मला स्वतःला अपूर्णांकांची पद्धत भावते: पांढऱ्याचा मध्य लालच्या कडेवर धरला की अर्धा चेंडू लागतो, म्हणजे लालचा अर्धाच भाग पांढऱ्याच्या वाटेत येतो, आणि लाल पांढऱ्याच्या वाटेशी ३० अंशांत निघतो.

"पण दादा, हळू मारलं की तुझे तीस अंश कुठे जातात?"

यावर मी निरुत्तर झालो, कारण हळू फटक्यात दोन चेंडूंमधले घर्षण लालला पांढऱ्याच्या दिशेने किंचित ओढून नेते. नेम थोडा पातळ, म्हणजे लालच्या कडेकडे सरकवून, धरावा लागतो, आणि तो 'थोडा' हातालाच ठाऊक असतो.

शेवटचा काळा चेंडू त्याने आपल्याच पद्धतीने पॉकेटमध्ये घातला. टेबलाचे भाडे मी भरले.