मोकळ्या झालेल्या संध्याकाळी

रविवार, रात्र

सोशल मीडिया सोडून प्रत्यक्षातल्या भेटींतून प्रेम शोधायचं, तर अ‍ॅप उडवलं म्हणजे खातं बंद झालं, हा गैरसमज आधी काढून टाकायला हवा. फोनवरून अ‍ॅप गेलं तरी प्रोफाइल तिकडे तसंच दिसत राहतं, लोक मेसेज टाकत राहतात आणि उत्तर येत नाही म्हणून रुसतात. टिंडरसारख्या डेटिंग अ‍ॅपचंही तेच. खातं वेगळं बंद करायचं आणि पैसे भरून घेतलेली वर्गणी त्याहून वेगळी.

क्रम महत्त्वाचा. आधी फोटो आणि माहिती उतरवून घ्यायची. मग ज्यांच्याशी खरंच बोलणं होतं अशांचे नंबर कागदावर, आणि जमल्यास वाढदिवसही, कारण इतकी वर्षं ते दुसरंच कुणीतरी लक्षात ठेवत होतं. त्यानंतर जिथे जिथे ‘फेसबुकने लॉगिन’ केलं असेल तिथे ईमेल आणि पासवर्ड लावायचा. ही पायरी बऱ्याचदा राहते. मग भलतंच काहीतरी उघडायला जावं आणि झोपवलेलं, म्हणजे तात्पुरतं बंद केलेलं, खातं जागं व्हावं, असा प्रकार होतो. कायमचं काढायला टाकलं तरी फेसबुक आणि इन्स्टाग्राम 30 दिवस परतीची वाट उघडी ठेवतात. पाय घसरतो तो याच दिवसांत, बहुधा रात्री, आणि बहुधा जुन्या जोडीदाराचं प्रोफाइल ‘एकदाच’ बघण्यासाठी. यावर उपाय अगदी साधा आहे: झोपताना फोन दुसऱ्या खोलीत आणि उशाशी गजराचं घड्याळ.

बुधवार

अंगठ्याची सवय मनाच्या आधी हलते. तळ न येणारं पान डिझायनर एझा रास्किन यांनी 2006 मध्ये घडवलं. पुढे त्याबद्दल त्यांनी स्वतःच खंत व्यक्त केली. पान संपत नाही, म्हणून थांबायची जागाच येत नाही. फोनचा पडदा कृष्णधवल केला की निम्मी मजा जाते. निम्मीच, पण तेवढी पुरते.

शनिवार

खरा प्रश्न इथून सुरू होतो. संध्याकाळ मोकळी झाली, आता तिचं करायचं काय? ती मोकळीच ठेवली तर प्रेम दार ठोठावत येत नाही. येतो तो एकटेपणा, आणि त्याच्या मागोमाग अ‍ॅप.

फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या संशोधकांनी 1950 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थी-वसाहतीतल्या मैत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुणाची कुणाशी गट्टी जमली, हे बरंचसं दारं किती जवळ आहेत आणि जिना कुठे आहे यावर ठरत होतं. 1968 मध्ये मानसशास्त्रज्ञ झायन्स यांनी दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. (पहिलीच छाप वाईट पडली असेल, तर मात्र रोजच्या भेटीने तिटकाराच वाढायचा.) म्हणजे नवीन चेहरे शोधत हिंडण्यापेक्षा तेच चेहरे पुन्हा पुन्हा दिसतील अशी जागा हवी.

जागा निवडताना काय पाहायचं? दर आठवड्याला ठरलेला वार, माणसं दहा ते वीस, हात गुंतलेले पण तोंड मोकळं. समूहगान, नाटकाची तालीम, भाषेचा वर्ग, झाडं लावणारा गट हे सगळं चालतं. कानात इअरफोन घालून व्यायाम करायची जागा चालत नाही, व्याख्यानही नाही. तिथे सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात.

संशोधक जेफ्री हॉल यांच्या 2018 च्या अभ्यासात ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास लागतात असं दिसलं, घट्ट मैत्रीला 200 हून अधिक. आठवड्याला दोन तास धरले तर पहिल्या पन्नासालाच 25 आठवडे लागतात. सुटल्यावर तासभर रेंगाळलं तर 17. हा रेंगाळण्याचा तास सगळ्यात मोलाचा, आणि घाईने घर गाठणारे नेमका तोच सोडतात.

दुसऱ्याच आठवड्यात ‘भेटू या का’ विचारणं ही नेहमीची चूक. नकार आला की दोघंही अवघडतात आणि एक जण यायचाच बंद होतो. सहा-सात भेटी होऊ द्याव्यात. मग विचारावं ते नेमकं: कुठे, कधी, किती वेळ. ‘नाही’ म्हणायला समोरच्याला सोपी वाट ठेवावी. एकदा नाही म्हटलं की विषय संपला.

सोमवार

प्रोफाइल नाही म्हणजे काहीतरी लपवतोय, अशी शंका येणारच. चिडू नये, ती रास्त आहे. दोघांच्या ओळखीचं माणूस असेल तर उत्तमच, नाहीतर आधी फोनवर बोलावं. पहिली भेट चार लोकांत, येण्याजाण्याची सोय आपापली, आणि कुठे चाललोय हे एका मित्राला सांगून. फोन टेबलावर पालथा नको, पिशवीत हवा.

अनोळखी माणसांत जवळीक वाढवण्यासाठी मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन यांनी वापरलेले 1997 चे 36 प्रश्न छापून न्यायची गरज नाही. त्यातलं मर्म तेवढं घ्यावं: पाळीपाळीने बोलायचं आणि थोडं थोडं खोल जायचं. एकानेच सगळं उलगडलं तर ती मुलाखत होते.

गुरुवार

व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणा बंद कराव्यात. त्या बंद केल्या की समोरच्याच्याही दिसत नाहीत, आणि हाच खरा फायदा. मेसेज वेळ-ठिकाण ठरवण्यापुरते. भांडण तर लिहून कधीच नाही.

जोडीदार स्वतः सोशल मीडियावर असू शकतो. त्याला ओढून बाहेर काढायचं नाही. दोन गोष्टी मात्र लवकर बोलून घ्याव्यात: दोघांचा फोटो टाकण्याआधी विचारायचं, आणि त्याच्या खाली कोण काय म्हणालं हे जेवताना वाचून दाखवायचं नाही. दुसरी अट पहिलीपेक्षा जड जाते.